ऑटोथ्रॉटल चालू असताना हात कुठे असावा?

वेग सांभाळायला यंत्र बसवलेलं आहे, ते चालू आहे आणि माणसापेक्षा चोख काम करतं आहे. मग वैमानिकाने थ्रस्ट लिव्हरवर हात कशासाठी ठेवायचा? या प्रश्नाचं आज सर्रास दिलं जाणारं उत्तर असं की, काही गरज नाही. ती जुन्या काळची सवय आहे. हे मत आता इतकं रुळलं आहे की त्याच्या विरुद्ध बोलणारा माणूस यंत्रांना घाबरणारा, काळाच्या मागे राहिलेला ठरतो. तो ठपका पत्करून मला असं म्हणायचं आहे की हे मत चुकीचं आहे. त्याच्या बाजूने दिली जाणारी कारणं एकेकटी बरीचशी खरी आहेत, पण त्यांच्यातून काढलेला निष्कर्ष त्यांच्यातून निघत नाही.

आधी वस्तू नीट पाहून घेऊ. निसरपूर, कुक्षी, धार या पट्ट्यातल्या माणसाला विमान गाठायचं तर इंदूरला यावं लागतं. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर एकाच धावपट्टीवर तीन जातींची प्रवासी विमानं उतरतात, आणि या वादाला लागणारा सगळा मसाला त्या तिघांत मिळतो. पहिलं एटीआर ७२, पंख्याच्या इंजिनांचं. त्याला ऑटोथ्रॉटल नाहीच. जोर वाढवायचा-कमी करायचा तो वैमानिकाच्या हातानेच. दुसरं बोईंग ७३७. त्याला ऑटोथ्रॉटल आहे आणि लिव्हरच्या यंत्रणेला सर्व्हो मोटर जोडलेली आहे. यंत्राने इंजिनाचा जोर वाढवला की लिव्हर आपसूक पुढे सरकतो, कमी केला की मागे येतो. मध्ये क्लच असल्यामुळे वैमानिकाने हाताने ढकललं तर हाताचं चालतं, मोटरचं नाही. तिसरं एअरबस ए-३२०. त्याचे लिव्हर खाचांमध्ये बसतात. उड्डाण झालं, थोडी उंची मिळाली की वैमानिक ते ‘क्लाइंब’ खाचेत आणून ठेवतो आणि एरवी थेट उतरण्याच्या क्षणापर्यंत ते तिथेच राहतात. इंजिनं कमीजास्त होत असतात, लिव्हर मात्र जागचा हलत नाही.

आता पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडला पाहिजे. लुळा पूर्वपक्ष उभा करून त्याला आडवं पाडण्यात काही पुरुषार्थ नाही.

पूर्वपक्षाचं पहिलं म्हणणं अचूकतेचं. वारा दर क्षणी बदलतो. यंत्र तो बदल माणसाच्या आधी टिपतं, आणि त्याला थकवा नाही, कंटाळा नाही. दुसरं म्हणणं ए-३२० पुरतं, पण फार धारदार: जो लिव्हर हलतच नाही त्यावर हात ठेवून हाताला कळणार काय? तिसरं असं की हात ठेवल्याने उलट घोळ होतो, नको ती कळ दाबली जाते, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आणि चौथं सर्वसाधारण शहाणपणाचं: एकदा काम सोपवलं की सोपवलं. नर्मदाकाठच्या शेतकऱ्याने पंपाला ऑटो-स्टार्टर बसवला की तो वीज येण्याची वाट पाहत विहिरीवर उभा राहतो का? मग वैमानिकाने का राहावं?

शेवटच्यापासून सुरुवात करतो. शेतकरी विहिरीवर उभा राहत नाही, कारण ऑटो चुकला तर एखादी मोटर जळेल, दोन दिवस पाणी चुकेल. चूक लक्षात यायला आणि सुधारायला त्याच्याकडे वेळ असतो. एखाद्या कामावरून हात काढावा की नाही हे यंत्र किती चांगलं आहे एवढ्यावरून ठरत नसतं. यंत्राने काही भलतंच केलं तर ते कळून उपाय होईपर्यंत किती अवधी हाताशी आहे, यावरून ते ठरतं. ३५,००० फुटांवर विमान सरळ चाललेलं असताना तो अवधी मिनिटांत असतो. तिथे तासन्‌तास लिव्हर धरून बसा असं कुणीच म्हणत नाही, मीही म्हणत नाही. जमिनीपासून ५०० फुटांवर तो अवधी सेकंदांत येतो. वाद आहे तो या खालच्या पट्ट्यातला.

अचूकतेचं म्हणणं मी सरळ मान्य करतो. पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. सांगितलेलं काम कोण चांगलं करतं, यावर वाद नाहीच. आपण एक सांगितलं असं समजतो आहोत आणि यंत्र दुसरंच काहीतरी अगदी बिनचूक करतं आहे, अशा वेळी काय, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाचं आपल्याकडचं सर्वांत कडू उदाहरण मुंबईहून निघालेल्या विमानाचंच आहे.

१४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं उड्डाण मुंबईहून बंगळूरला निघालं. विमान एअरबस ए-३२०, कंपनीच्या ताफ्यात नुकतंच आलेलं. आत १४६ माणसं. दुपारची वेळ, हवा स्वच्छ. एचएएल विमानतळाच्या धावपट्टीच्या अलीकडे असलेल्या गोल्फ कोर्सवर ते टेकलं, उसळलं, पुढे एका बांधावर आदळलं आणि पेटलं. ९२ माणसं गेली.

इंजिनं बिघडली नव्हती. ऑटोथ्रस्टही (एअरबसमध्ये ऑटोथ्रॉटलचं हे नाव) बिघडला नव्हता. त्याला मिळालेल्या मोडमध्ये तो अगदी नियमाने वागत होता. त्या मोडचं नाव ‘ओपन डिसेंट’. त्यात इंजिनं आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी जोरावर जातात आणि वेग राखण्याचं काम विमानाच्या नाकाकडे येतं: नाक खाली केलं तर वेग टिकतो. उंचावरून खाली यायला हा मोड उत्तम. शेवटच्या टप्प्यात तो जीवघेणा. कारण तिथे धावपट्टी गाठायला वैमानिक नाक वर ओढतो आणि इंजिनं काही जोर देत नाहीत. वेग पडत जातो. त्या दिवशी तो ठरलेल्या वेगाच्या खाली वीस नॉटहून अधिक घसरला.

हा मोड लागला कसा? चौकशीत एक अंदाज मांडला गेला. उतरण्याचा दर मिनिटाला ७०० फूट लावायचा होता. त्याऐवजी शेजारची कळ फिरून उंचीच ७०० फूट लावली गेली असावी. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फुटांवर आहे. म्हणजे यंत्राला मिळालेली आज्ञा जमिनीच्या पोटात जाण्याची होती, आणि त्याने ती इमानेइतबारे पाळायला घेतली.

यापुढचा भाग माझ्या मुद्द्याचा गाभा आहे. आपण आयडलवर उतरतो आहोत हे शेवटच्या मिनिटात कॉकपिटमध्ये कळलं होतं. त्यावर बोलणंही झालं. उपाय शोधला गेला तो मोड बदलण्याचा: फ्लाइट डायरेक्टर (विमान कसं न्यायचं ते वैमानिकाला पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) बंद करा, म्हणजे ऑटोथ्रस्ट वेग सांभाळायला लागेल. पण ए-३२० मध्ये त्यासाठी दोन्ही बाजूंचे फ्लाइट डायरेक्टर बंद व्हावे लागतात. एक बंद झाला, दुसरा चालू राहिला. मोड बदलला नाही. दरम्यान यंत्र जमिनीपासूनची उंची मोठ्याने सांगत होतं, चारशे, तीनशे, दोनशे. न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या चौकशीने अपघाताच्या संभाव्य कारणात नेमकं हेच नोंदवलं की, आयडल मोड माहीत असूनही आणि या तिन्ही हाका ऐकूनही थ्रॉटल पुढे ढकलण्याची कृती वेळेवर झाली नाही. अगदी अखेरीस विमानाच्या स्वयंसंरक्षक यंत्रणेने स्वतःच पूर्ण जोर मागितला; पण इंजिनांनी तो देईपर्यंत जमीन आली होती.

आता सेकंद मोजू. नेहमीच्या उतरणीत विमान मिनिटाला साधारण ७०० फूट खाली येतं, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ फूट. दोनशेची हाक ऐकल्यावर जमीन सोळा-सतरा सेकंदांवर असते. आयडलवरचं जेट इंजिन लिव्हर ढकलताच गरजत नाही. त्याला फिरकी घ्यायला वेळ लागतो. विमानाला मान्यता देण्याचे नियमही, लिव्हर पुढे नेल्यापासून ८ सेकंदांनी जो जोर हाती येतो तो धरूनच, उतरणी सोडून वर जाण्याची क्षमता तपासतात. आठ सेकंदांत शंभरेक फूट खर्ची पडतात. उरलेल्या आठ-नऊ सेकंदांत ओळखायचं, ठरवायचं आणि हात चालवायचा. हात मांडीवर किंवा कळफलकावर असेल तर तिथून लिव्हरपर्यंतचा प्रवास एका सेकंदाचा. पण त्या आधी ‘आता हात तिकडे न्यायला हवा’ हा वेगळा निर्णय घ्यावा लागतो, आणि घाबरलेल्या मेंदूत प्रत्येक वेगळा निर्णय महाग पडतो. हात आधीच तिथे असेल तर तो निर्णय घेऊन झालेला असतो.

यातच पूर्वपक्षाच्या दुसऱ्या, धारदार मुद्द्याचं उत्तर आहे. न हलणाऱ्या लिव्हरवर हात ठेवून हाताला काही कळत नाही, हे खरं. पण हात केवळ कळून घेण्यासाठी ठेवायचा असतो हे गृहीतक कुठून आलं? ए-३२० च्या रचनाकारांनी लिव्हर स्थिर ठेवताना माहिती देण्याचं काम डोळ्यांकडे सोपवलं: समोरच्या पडद्याच्या माथ्यावर मोडचं नाव, वेगाच्या पट्टीवर कल दाखवणारा बाण, इंजिनांचे काटे. कृती करण्याचं काम मात्र त्यांनी हाताकडेच ठेवलं. लिव्हर शेवटच्या खाचेपर्यंत पुढे लोटला की विमान कोणत्याही मोडमध्ये असो, पूर्ण जोराची मागणी थेट इंजिनांकडे जाते. त्यासाठी कोणता मोड चालू आहे हे ठाऊक असण्याचीही गरज नाही. विमानाच्या इतर बहुतेक कळा यंत्राशी वाटाघाटी करतात. लिव्हर हुकूम देतो. आणि विमान धावपट्टीपासून वीस फुटांवर आलं की एअरबसच ‘रिटार्ड’ असं ओरडून वैमानिकाला लिव्हर मागे घ्यायला सांगतं. हात तिथे नसणार असं एअरबसने धरलं असतं, तर ही हाक दिली कुणासाठी?

इथे काही जण बाजू बदलतात. ते म्हणतात, दोष एअरबसच्या न हलणाऱ्या लिव्हरचा. बोईंगसारखा हलता लिव्हर असता तर बंगळूर घडलंच नसतं. हा युक्तिवाद माझ्या बाजूचा वाटतो, पण मला तो नको आहे, कारण तोही टिकत नाही.

२५ फेब्रुवारी २००९ रोजी टर्किश एअरलाइन्सचं बोईंग ७३७-८०० ॲमस्टरडॅमला उतरत होतं. डावीकडच्या रेडिओ अल्टिमीटरने विमान हवेत असताना उंची उणे ८ फूट दाखवली. ऑटोथ्रॉटलने त्यावर विश्वास ठेवला, विमान टेकतंच आहे असं समजून लिव्हर आयडलवर ओढून घेतले. लिव्हर हलले, डोळ्यांदेखत हलले. त्या वेळी विमानाला उंची आणि वेग दोन्ही कमी करायचेच होते, म्हणून मागे आलेले लिव्हर कुणाला खटकले नाहीत. वेग पडत राहिला आणि साडेचारशे फुटांच्या आसपास विमान हवेतून कोसळण्याचा इशारा सुरू झाला. सहवैमानिकाने लगेच लिव्हर पुढे लोटले. तेवढ्यात कॅप्टनने विमान आपल्या ताब्यात घेतलं आणि सहवैमानिकाचा जोर सुटला. ऑटोथ्रॉटल अजून चालूच होता. त्याने लिव्हर पुन्हा मागे खेचले. पुढे तो बंद केला गेला, पण लिव्हर पुरते पुढे गेले ते पहिल्या इशाऱ्यानंतर नऊ सेकंदांनी. नऊ माणसं दगावली.

या अपघातातून निघणारा धडा बारकाईने वाचला पाहिजे. हलता लिव्हर माहिती देतो, पण ती माहिती अपेक्षेशी जुळत असेल तर हातही फसतो. आणि यंत्राविरुद्ध लिव्हर ढकलायचा तर ढकलून सोडायचा नसतो. यंत्र बंद करेपर्यंत हात तिथून हलता कामा नये. ते बंद करण्याचं बटण लिव्हरच्या कडेलाच, अंगठ्याखाली येईल असं बसवलेलं आहे. रचनाकाराने हात तिथेच असणार असं मानलं होतं, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

सॅन फ्रान्सिस्कोला ६ जुलै २०१३ रोजी आशियाना एअरलाइन्सच्या बोईंग ७७७ चं झालं ते तर बंगळूरचं भावंड शोभेल. उतरताना एक मोड निवडला गेला, लिव्हर हाताने आयडलवर आले, आणि ऑटोथ्रॉटल ‘होल्ड’ अवस्थेत गेला. या अवस्थेत तो चालू दिसतो पण लिव्हरला हात लावत नाही. वेग आपोआप सांभाळला जातो आहे असा वैमानिकांचा समज. ठरलेला वेग १३७ नॉट, आणि प्रत्यक्षात तो १०३ पर्यंत उतरला. विमानाची शेपटी समुद्राकाठच्या बांधावर आपटली, तीन जण गेले. लिव्हर हलणाऱ्या जातीचे होते. हलले मात्र नाहीत. एका कंपनीच्या यंत्रात जे १९९० मध्ये घडलं तेच दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात तेवीस वर्षांनी घडलं. तेव्हा एअरबस बरी की बोईंग, हा वाद या प्रश्नापुरता बाजूला ठेवावा.

आणि दुबई. ३ ऑगस्ट २०१६ रोजी एमिरेट्सचं बोईंग ७७७ तिरुअनंतपुरमहून तिथे उतरत होतं; आत ३०० माणसं, त्यांतली बहुसंख्य भारतीय. विमान लांबवर जाऊन टेकलं, आणि उतरणं सोडून पुन्हा वर जायचं ठरलं. त्यासाठीचं बटण लिव्हरवरच असतं. ते दाबलं गेलं. पण चाकं एकदा जमिनीला लागली की त्या विमानात ते बटण निकामी होतं, आणि चाकं लागून गेली होती. लिव्हर आयडलवरच राहिले. विमान थोडं उचललं गेलं, चाकं आत घ्यायला सुरुवातही झाली, आणि ते खाली बसलं. लिव्हर पुढे गेले ते आदळण्याच्या दोन-तीन सेकंद आधी. प्रवासी आणि कर्मचारी सगळे वाचले. आग विझवायला आलेला एक जवान मात्र गेला.

दुबईचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण ते माझ्याच बाजूच्या भाबड्या लोकांचं खंडन करतं. हात लिव्हरपाशी होता. बटण दाबायला तो तिथे जावाच लागतो. तरीही अपघात झाला. म्हणजे ‘हात ठेवला की झालं’ हे मतही तितकंच पोकळ आहे. हाताने लिव्हरकडे लिव्हर म्हणून पाहिलं पाहिजे. तो बटण बसवण्याची जागा नाही. बटण दाबलं म्हणजे यंत्राला विनंती केली. ती मान्य झाली की नाही हे लिव्हर तळव्याखाली पुढे सरकतो का यावरून कळतं. न सरकल्यास तो स्वतः सरकवायचा. ही दोन पावलं मिळून एकच कृती आहे, आणि प्रशिक्षणात ती एकसंध शिकवली गेली तरच हाताला तिथे अर्थ आहे.

आता तिसरा आक्षेप, हात घोळ घालतो हा. त्याचं नेहमीचं उदाहरण नागोयाचं. २६ एप्रिल १९९४ रोजी चायना एअरलाइन्सचं एअरबस ए-३०० तिथे उतरत असताना सहवैमानिकाकडून लिव्हरवरची गो-अराउंडची, म्हणजे उतरणं सोडून वर जाण्याची, कळ चुकून दाबली गेली. विमान वर जायला निघालं, वैमानिक ते खाली दाबत राहिले, ऑटोपायलट त्याच्या उलट शेपटीचा पट्टा फिरवत राहिला. शेवटी नाक आभाळाकडे करून विमान कोसळलं. २६४ माणसं गेली. उदाहरण भयंकर आहे आणि खरं आहे. पण ते सिद्ध काय करतं? कळ चुकून दाबली जाणं ही सुरुवात होती. त्यानंतर माणूस आणि यंत्र बराच वेळ एकमेकांविरुद्ध ओढत राहिले आणि यंत्र सुटलं नाही, या कारणाने विमान पडलं. म्हणून उपायही त्याच दिशेने झाला: वैमानिकाने जोर लावला की ऑटोपायलट सुटावा अशी सुधारणा. ‘लिव्हरवर हात ठेवू नका’ असा धडा त्यातून कुणी काढला नाही. बोटं कळीवर न ठेवता तळवा मुठीवर ठेवायचा, हे शिकवता येतं. हात उचलून घेणं हा त्यावरचा उपाय म्हणजे बोट कापलं म्हणून विळीच माळ्यावर टाकणं.

पूर्वपक्षाकडे अजून एक उत्तर शिल्लक असतं: हात नको, डोळे आहेत ना, वैमानिकाने काटे पाहावेत. पण नुसतं पाहत राहणं हे माणसाला फारसं जमत नाही. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका काट्याच्या क्वचित होणाऱ्या दुहेरी उडीवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. अर्ध्या तासातच लोकांच्या नजरेतून उड्या निसटायला लागल्या. लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मधल्या आपल्या निबंधात स्वयंचलनातल्या विसंगतीवर बोट ठेवलं: यंत्र जितकं भरवशाचं, तितका माणसाचा सराव कमी, आणि त्याला बोलावणं येतं ते नेमकं सर्वांत अवघड क्षणी. ९ जानेवारी २०२१ रोजी जकार्ताहून उडालेल्या श्रीविजया एअरच्या ७३७-५०० मध्ये हेच झालं. वर चढताना ऑटोथ्रॉटल जोर कमी करत होता. उजवा लिव्हर यांत्रिक घर्षणामुळे अडकून राहिला, म्हणून डावा अधिकाधिक मागे येत गेला. दोन लिव्हरमधलं अंतर डोळ्यांसमोर वाढत होतं. नजरेला ते खटकलं नाही. विमान डावीकडे कलंडून समुद्रात गेलं. ६२ जण गेले. दोन्ही मुठींवर आडवा तळवा ठेवलेल्या माणसाला एक मूठ मागे निसटते आहे हे न कळणं कठीण आहे. रुमानियाच्या तारोमचं ए-३१० ३१ मार्च १९९५ रोजी बुखारेस्टला पडलं तेही अशाच एकतर्फी मागे आलेल्या लिव्हरने, आणि तिथे तर त्या विमानाचा हा दोष आधीपासून माहीत होता. हलत्या लिव्हरची सगळी किंमत त्यावर ठेवलेल्या हातात आहे. हात काढला तर मोटर, क्लच आणि दांडे यांचं वजन उगाच वाहून न्यायचं.

खंडन पुरे. मंडन थोडक्यात करता येतं, कारण त्याचा अर्धा भाग उड्डाणाच्या बाबतीत सगळ्यांनी आधीच मान्य केलेला आहे. धावपट्टीवर धावताना जोर लावून झाला की ७३७ चा ऑटोथ्रॉटल ८४ नॉटला स्वतःच लिव्हरवरून हात काढतो. कॅप्टनचा हात मात्र व्ही-वन या वेगापर्यंत तिथेच असतो, कारण तोवर उड्डाण रद्द करता येतं आणि रद्द करायचं तर लिव्हर क्षणात मागे घ्यावे लागतात. व्ही-वनला हात मुद्दाम उचलला जातो, कारण त्यापुढे थांबण्याचा मोह होऊच नये. हाताची जागा इथे निर्णयाला बांधलेली आहे: ज्या घडीला जो निर्णय तातडीने अमलात आणावा लागेल, त्याच्या साधनावर हात; जो निर्णय घ्यायचाच नाही, त्याच्या साधनापासून हात दूर. ऑटोथ्रॉटल चालू आहे की बंद, याचा त्यात संबंध येत नाही. उड्डाणाला लावलेलं हे तत्त्व उतरण्याला लावू नये असं एकही कारण मला दिसत नाही. उतरताना तातडीचा निर्णय एकच: जोर द्या आणि वर चला. त्याचं साधन लिव्हर.

म्हणून माझं म्हणणं असं. उतरणीच्या शेवटच्या हजार फुटांत, आणि चढताना यंत्र जोराचा मोड बदलतं त्या प्रत्येक वेळी, विमान चालवणाऱ्याचा तळवा दोन्ही लिव्हरवर असावा, मग ते हलणारे असोत की न हलणारे. दोन्ही हा शब्द महत्त्वाचा आहे. १७ जुलै २००७ रोजी साओ पावलोला ताम कंपनीचं ए-३२० टेकलं तेव्हा एक लिव्हर उलट्या जोरावर गेला आणि दुसरा ‘क्लाइंब’ खाचेतच राहिला. त्या बाजूचं इंजिन विमानाला पुढे रेटत राहिलं आणि १९९ जीव गेले. तळव्याखाली दोन्ही मुठी, डोळे मोडच्या नावावर, आणि शंका आली तर आधी लिव्हर पुढे, मोडची चर्चा मागाहून. बंगळूरला नेमका हा क्रम उलटा पडला होता.

हे घडवायचं कुठे? गोंदिया, बारामती, धुळे इथे शिकणारी मुलं लहान विमानांवर उडतात. तिथे उतरताना एक हात थ्रॉटलवर हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडतं. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास ती या सवयीने उडतात आणि मग त्यांतली बरीच थेट ए-३२० च्या सिम्युलेटरमध्ये जातात. तिथे लिव्हर हलत नाही हे पाहून सवय आपोआप सुटते, आणि ती सुटली म्हणून कुणी हळहळत नाही. हळहळायला हवं. एटीआरवर जाणाऱ्याची ती टिकते, कारण तिथे तिच्यावाचून चालतच नाही. एअरबसवर जाणाऱ्याची ती मुद्दाम टिकवावी लागेल.

ज्यांना हे सगळं जुन्या माणसाचं कुरकुरणं वाटतं, त्यांच्यासाठी सिम्युलेटर आहेच. स्वच्छ हवेत, उतरणीवर, ५०० फुटांच्या आत प्रशिक्षकाने न सांगता इंजिनं आयडलवर अडकवावीत. एका गटाचे हात लिव्हरवर, दुसऱ्याचे मांडीवर. लिव्हर पूर्ण पुढे जायला कुणाला किती सेकंद लागले ते घड्याळाने मोजावं, आणि तेवढ्या वेळात विमान किती फूट खाली आलं तेही. ज्या गोष्टीचा निकाल एका दुपारी सेकंदांत लावता येतो, तिच्यावर ‘मला वाटतं’ आणि ‘आजकाल असं करत नाहीत’ या जोरावर मत बनवण्याचं कारण नाही. तोवर हात लिव्हरवर असावा, कारण तो तिथे असल्याने झालेलं नुकसान शिकवून टाळता येतं, आणि नसल्याने झालेलं नुकसान ९२ माणसांनी भोगलेलं आहे.